हिमोग्लोबिन पंधरा, म्हणजे लेह सोपं (म्हणे!)

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. इतक्या उशिरा फोन वाजला की आमच्या घरात आधी पोटात गोळा येतो आणि मग तो उचलला जातो. पण पठ्ठ्या मजेत होता.

"मावशी, हिमोग्लोबिन साडेतेरा आलंय. चालेल ना?"

"कशाला चालेल?"

"अगं लेहला! आम्ही नऊ जण चाललोय. टूरवाला म्हणतो पंधराच्या वर पाहिजे. महिनाभर लोहाच्या गोळ्या घ्या, बीट खा, डाळिंब खा. वर ऑक्सिजन कमी असतो ना, मग रक्त जास्त हवं."

पाठोपाठ तो मेसेजही आला, हिरव्या टिकमार्कांसकट. "रक्त भरपूर तर डोंगर दूर नाही" असलं काहीतरी यमकही होतं शेवटी.

घरच्यांना माहीत आहे, आणि इथे नेमाने येणाऱ्या मंडळींनाही एव्हाना कळलं असेल, की माझी उभी नोकरी नागपुरात रक्ताच्या नळ्या हलवण्यात गेली. त्यामुळे हिमोग्लोबिन हा शब्द कुणी भलत्या ठिकाणी ठोकून दिला की मला गप्प बसवत नाही. फोनवर त्याला अर्धंच सांगून झालं, कारण त्याला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. उरलेलं अर्धं इथे. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट. लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, दादरला असतो तेवढाच. कमी असतो तो हवेचा दाब. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, तिथला दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६५ टक्के. खारदुंग ला ५,३५९ मीटर, तिथे तो निम्म्यावर येतो. (त्या खिंडीतल्या प्रसिद्ध पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, म्हणजे सुमारे अडीचशे मीटर फुगवून. आकडे फुगवायची हौस आपल्याला रक्तापुरतीच नाही :) )

अशा ठिकाणी विमानातून उतरल्यावर शरीर काय करतं? आधी श्वास वाढवतं, मग नाडी. हे मिनिटांत सुरू होतं. मग काही तासांत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त सोडायला लागतात. त्याची पातळी एक-दोन दिवसांत शिखर गाठते. तो निरोप हाडांतल्या मगजाला पोचतो, मगज नव्या तांबड्या पेशी घडवायला घेतो, आणि चार-पाच दिवसांनी त्या कोवळ्या पेशी रक्तात दिसायला लागतात. लॅबमध्ये आम्ही त्यांना रेटिक म्हणतो. पण एकूण रक्तात जाणवण्याइतकी भर पडायला आठवडे लागतात. दोन-तीन आठवडे तर नक्कीच.

आता भाच्याची सहल आहे सात रात्रींची. म्हणजे त्याचं नवं रक्त कामाला लागेल तेव्हा हा पुण्यात सिग्नलला गाडी बंद करून उभा असेल. तिथे त्या जादा पेशींची गरज नाही म्हणून शरीर त्या काही आठवड्यांत मोडीतही काढेल.

यावर एक हुशार प्रश्न येतो. "पण माझ्या मित्राने लेहमध्ये तिसऱ्या दिवशी तपासलं, तर वाढलेलं होतं!" असेल की. उंचीवर गेल्यावर लघवी जास्त होते, कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं, आणि रक्तातला पातळ भाग कमी होतो. आमटी आटवली की दाट होते, म्हणून काही तिच्यात डाळ वाढत नाही. तिसऱ्या दिवशीचा वाढलेला आकडा बहुतेक ही आटलेली आमटी असते.

आणि लोहाच्या गोळ्या? लोह म्हणजे विटा. ज्याच्या दारात विटाच नाहीत त्याला त्या आणून द्यायलाच हव्यात. आपल्याकडे कितीतरी बायका आयुष्यभर लोहाच्या तुटीत जगतात आणि त्यांनी उपचार घ्यावेत, लेहला जायचं असो वा नसो. पण पुरुषांत ऍनिमिया धरतात तो १३ च्या खाली. साडेतेरावाल्या, जेवून-खाऊन असलेल्या पोराच्या दारात विटांचा ढीग ओतून वरचा मजला चढत नाही. उलट जादा लोह बाहेर टाकायची वेगळी वाटच शरीराला नाही. गोळीने बद्धकोष्ठ मात्र होईल, आणि लेहच्या थंडीत ते कसं लागतं ते ज्याचं त्याने अनुभवावं.

बरं, विरळ हवेची बाधा काय हिमोग्लोबिन बघून होते? १९६२ च्या युद्धाच्या काळात आपले जवान सपाटीवरून थेट उंचीवर पाठवावे लागले. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ सैनिकांच्या नोंदी ठेवल्या आणि १९६९ साली प्रसिद्ध केल्या. आजही डोंगरी आजारांवरच्या लिखाणात त्यांचा उल्लेख असतो. ही तरणीबांड, तपासून भरती केलेली मुलं होती. त्यांना आडवं केलं ते घाईने. म्हणून आजचा साधा नियम सांगतो की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस बसून काढा. डायमॉक्सची गोळीसुद्धा (डॉक्टरांना विचारूनच!) रक्त वाढवत नाही, श्वास वाढवते.

मग हे रक्ताचं खूळ आलं कुठून? त्याला इतिहास आहे, आणि तो वाईट विज्ञानाचा नाही. १८९० मध्ये व्हिओ नावाचा फ्रेंच डॉक्टर पेरूतल्या मोरोकोचा या खाणीच्या गावी गेला. उंची सुमारे ४,५०० मीटर. लिमामध्ये त्याच्या रक्तात दर घनमिलिमीटरला ५० लाख तांबड्या पेशी होत्या. तीनेक आठवड्यांत त्या ८० लाखांच्या घरात गेल्या. शोध खराच मोठा होता. पण त्यातून जगाने सोयीचा निष्कर्ष काढला, की डोंगरी माणसाचं बळ त्याच्या दाट रक्तात असतं.

हा निष्कर्ष टिकायला नको होता. व्हिओच्याही आधी, १८६० च्या दशकात, मेक्सिकोत काम करणाऱ्या जुर्दाने या डॉक्टरला दिसलं होतं की पठारावरच्या कित्येक रोग्यांचं रक्त दाट आहे, पण तक्रारी मात्र रक्त कमी असलेल्यांसारख्या. आणि १९२५ मध्ये पेरूच्याच कार्लोस मोंखे यांनी सेरो दे पास्को या ४,३०० मीटरवरच्या खाणगावातला एक रोगी लिमाच्या वैद्यक अकादमीपुढे मांडला. डोकं दुखतं, कानात आवाज, झोप नाही, दम लागतो, ओठ-चेहरा जांभळट, आणि रक्त काकवीसारखं. उंचीवरच राहणारा माणूस उंचीनेच आजारी पडला होता. या आजाराला आज मोंखेचा आजार म्हणतात. पुरुषात हिमोग्लोबिन २१ आणि बाईत १९ झालं की तो धरतात. त्यावर खात्रीचा इलाज एकच, डोंगर उतरणे. रक्त काढून टाकलं की काही काळ बरं वाटतं. टूरवाल्याच्या हिशेबाने हे रोगी सगळ्यात फिट! २१ हिमोग्लोबिन म्हणजे डिस्टिंक्शनच की.

रक्त दाट झालं की ते वाहायला जड जातं, हृदयावर ताण येतो, बारीक वाहिन्यांतून ते रेंगाळतं. वर थंडी, पाणी कमी, तासन्‌तास तंबूत बसून राहणं. उंचीवर महिनोन्‌महिने राहिलेल्या तरुण सैनिकांत गुठळ्या होतात हे आपल्या लष्करी डॉक्टरांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे जास्त रक्त हा शरीराचा नाइलाज आहे. थोडा चालतो, फार झाला की अंगावर येतो.

आणि आता माझा आवडता भाग. सगळ्यात जुने डोंगरी लोक काय करतात? अमेरिकेतल्या मानवशास्त्रज्ञ सिंथिया बील यांनी आयुष्य याच प्रश्नावर घालवलं. त्यांच्या गटाने १९९८ मध्ये ३,८०० ते ४,०६५ मीटरवर राहणाऱ्या तिबेटी आणि बोलिव्हियातल्या आयमारा लोकांचं रक्त शेजारी-शेजारी मांडलं. आयमारा पुरुषांची सरासरी १९.२, बायकांची १७.८. तिबेटी पुरुष १५.६, बायका १४.२. उंची तीच आणि हवा तीच, पण तिबेटी माणसाचं रक्त जवळपास समुद्रकाठच्या माणसासारखं पातळ! आणि मोंखेचा आजार त्यांच्यात कितीतरी कमी.

२०१० मध्ये याचं एक कारण सापडलं. ऑक्सिजन कमी पडला की पेशींत जी घंटा वाजते, तिच्याशी संबंधित ईपास-१ नावाच्या जनुकाचं वेगळं रूप तिबेट्यांत सर्रास आढळतं. ते रूप मगजाला उगाच धावपळ करू देत नाही. (त्या घंटेचा शोध लावणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.) २०१४ मध्ये तर असं दिसलं, की हा जनुकाचा तुकडा डेनिसोव्हन या नामशेष मानवाकडून आलेला असावा. २०२४ मध्ये बील यांच्याच गटाने नेपाळच्या मुस्तांगकडच्या ४१७ बायकांचा अभ्यास छापला. ज्यांना सगळ्यात जास्त जिवंत मुलं झाली, त्यांचं हिमोग्लोबिन ना सगळ्यात जास्त होतं ना सगळ्यात कमी. मधलंच होतं. जास्त होता तो त्यातला ऑक्सिजनचा भरणा. हजारो वर्षं डोंगरावर काढून निसर्गाने जी परीक्षा घेतली, तिचा हा निकाल आहे. जास्त रक्तवाले पहिले आले नाहीत.

आता टूरवाल्याला सोडा, तो बिचारा पोटासाठी करतो. हाच गोंधळ जेव्हा सरकारी तक्त्यात बसतो तेव्हा मला जास्त राग येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लडाखमधल्या बायकांत ऍनिमिया किती? ९२.८ टक्के. देशात सगळ्यात वाईट! वर्तमानपत्रांनी हेडलाइन केली, कुणी जव-सत्तूच्या जेवणाला दोष दिला, कुणी अज्ञानाला.

पण हे माप कसं काढतात ते बघा. उंचीवर रक्त वाढतं, म्हणून मोजलेल्या आकड्यातून उंचीप्रमाणे वजाबाकी करतात. ३,५०० मीटरला ती अडीच-पावणेतीन ग्रॅमची आहे. तत्त्व बरोबर आहे. पण ती वजाबाकी ठरली ती मुख्यतः अमेरिकेतल्या डोंगराळ राज्यांतली मुलं आणि पेरूतली मोजमापं यांवरून. म्हणजे ज्यांचं रक्त उंचीवर भरपूर वाढतं अशांवरून. आता वरची तिबेटी बाई घ्या, १४.२ वाली. त्या उंचीची तीनेक ग्रॅमची वजाबाकी केली की उरले ११ आणि काही. बाईला हवेत १२. झाली ऍनिमिक! १५.६ वाला पुरुष? साडेबारा. त्याला हवेत १३. तोही ऍनिमिक. रोगी कुणीच नाही, दोघेही सरासरीचे. पण फूटपट्टी अँडीजची, म्हणून अख्खा समाज नापास.

लडाखात खरा ऍनिमिया नाही असं मी म्हणत नाही. सहा महिने बर्फात, ताजी भाजी दुर्मिळ, बाळंतपणं. तो आहेच, आणि त्याची काळजी घ्यायलाच हवी. आणि लडाखी सगळे तिबेटी वंशाचेही नाहीत. पण ९२.८ मधला खरा किती आणि वजाबाकीचा किती, हे लोहाचा साठा तपासल्याशिवाय कळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये ती वजाबाकी थोडी बदलली, तरी सगळ्या वंशांना पट्टी एकच राहिली. सगळ्यांना दोषी धरलं की खरी आजारी बाई त्या गर्दीतच हरवते.

"पण खेळाडू मुद्दाम डोंगरावर सराव करतात ते काय वेडे?" असं कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच. नाही, वेडे नाहीत. ते आठवडेच्या आठवडे वर राहतात, मोजून-मापून, आणि फायदा घेतात खाली उतरल्यावरच्या शर्यतीत. ज्यांना तेवढा धीर नव्हता त्यांनी एरिथ्रोपोएटिनची सुई टोचून घेतली. तो प्रकार इतका वाढला की सायकलिंगच्या जागतिक संघटनेला १९९७ मध्ये नियम करावा लागला. पीसीव्ही ५० टक्क्यांच्या वर गेलेल्या पुरुषाने शर्यतीतून बाहेर बसायचं. कारण तेच, दाट रक्त जिवाला धोका. जे व्यावसायिक खेळाडूंनाही घातक म्हणून रोखलं, तेच आम्ही सहलीच्या यादीत टिकमार्क लावून घालतो.

इथवर मी नुसती चिडले होते. घाबरले ती त्यानंतर. फोन ठेवता ठेवता भाचा म्हणाला, "आमच्यातल्या एकाचं तर सोळा आहे, तो एकदम सेफ. फक्त त्याचा तो एएस पॅटर्न का काय आहे, पण तो कॅरिअर, त्याला काही होत नसतं."

विदर्भातल्या माणसाला एएस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचा एक बिघडलेला प्रकार असतो, एस. ऑक्सिजन कमी झाला की तो पेशीला कोयत्यासारखी वाकडी करतो. आई आणि बाबा दोघांकडून आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाचं हिमोग्लोबिन अगदी नॉर्मल असू शकतं, सोळासुद्धा. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारकडे अशी माणसं घरोघर आहेत. आयुष्यभर त्यांना बहुतेक काहीच त्रास होत नाही, हे खरंच आहे.

पण याला थोडे अपवाद आहेत आणि उंची हा त्यातला एक ठळक. प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, रक्त मुळातच संथ वाहतं. वर ऑक्सिजन घटला की तिथे वाहकाच्याही पेशी वाकड्या होऊन अडकू शकतात आणि प्लीहेचा भाग मरतो. अमेरिकन फुटबॉलमधला रायन क्लार्क हे गाजलेलं उदाहरण. सिकलसेल वाहक, व्यावसायिक खेळाडू. २००७ मध्ये डेन्व्हरला सामना खेळला. डेन्व्हर किती उंच? १,६०० मीटर, आपल्या कळसूबाईएवढं. तिथे त्याचं दुखणं सुरू झालं, आणि पुढे प्लीहा आणि पित्ताशय दोन्ही काढावं लागलं. जानेवारी २०१२ मध्ये पुन्हा डेन्व्हरला महत्त्वाचा सामना आला तेव्हा प्रशिक्षकाने त्याला खेळूच दिलं नाही.

याचा अर्थ प्रत्येक वाहकाने घरात बसावं असा नाही. कितीतरी जण वर जाऊन सुखरूप येतात, आणि कळसूबाईला तर खुशाल जा. पण लेह म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट. निदान माहीत तरी असायला हवं ना? २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. चांगलंच आहे. पण वाहकाला आपण सल्ला देतो तो एकच, "लग्न जमवताना बघा." माझ्या लॅबच्या खिडकीतून मीही वर्षानुवर्षं एवढंच सांगत आले. डोंगराबद्दल एका शब्दाने बोलले नाही. आमच्याकडे सोल्युबिलिटी तपासायला येणारी पोरं कुठे लेहला जाणार, असं मनात कुठेतरी असणार. आता तीच पोरं, आणि त्यांची पोरं, नोकऱ्यांना लागून विमानाने लेहला जातात. राग टूरवाल्यावर काढते आहे, पण त्यातला थोडा माझ्या वाट्यालाही येतो.

तेव्हा टूरवाल्यांनो, "हिमोग्लोबिन किती?" हा प्रश्न खोडा. त्या जागी हे लिहा. पहिल्या दोन रात्री लेहमध्ये नुसती विश्रांती आहे का? कुणी सिकलसेल वाहक किंवा रुग्ण आहे का? कुणाला पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का? कुणी गरोदर? खरा ऍनिमिया, आणि असेल तर तो कशामुळे? रुग्ण असेल तर तज्ज्ञ डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जाऊच नये. वाहक असेल तर सावकाश चढावं, पाणी प्यावं, अंगमेहनत बेताची ठेवावी. आणि डाव्या बरगडीखाली दुखू लागलं तर ऍसिडिटीची गोळी चघळत बसू नये. डॉक्टरला "मी एएस आहे" हे पहिलं वाक्य सांगावं आणि खाली उतरावं.

भाच्याने हे सगळं ग्रुपवर टाकलं. दोघांनी हसरे चेहरे पाठवले, एकाने विचारलं "मग बीट बंद करू का?" (नको रे बाबा, आवडत असेल तर खा.) तो सोळावाला मुलगा मात्र काल मला स्वतःहून फोन करून बोलला. त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली होती, तेव्हापासून कागद कपाटात पडलाय म्हणाला. आता तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जाणार आहे. विमानाऐवजी श्रीनगर-कारगिलवरून रस्त्याने, मुक्काम करत जावं असंही ठरतंय. बाकीचे आठ दोन दिवस रजा वाढवायला तयार आहेत की नाही, ते अजून कळायचंय.

तुमच्या घरात असा कागद कपाटात असेल, तर तेवढा काढून वाचा. बाकी पोस्ट विसरलात तरी चालेल.

ता. क. : आई, तुझं साडेदहा आहे ते मात्र खरंच कमी आहे. लेहचा काही संबंध नाही. गोळ्या चालू ठेव, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस.